बदलते हवामान आणि सातबारा नसलेली माणसे

इतिहासाच्या शिक्षकाकडून शाळेच्या वाटचालीचा, संस्थापकांच्या कष्टांचा वा माजी विद्यार्थ्यांच्या यशाचा लेख यावा, अशी स्मरणिकेच्या संपादक मंडळाची अपेक्षा असणार. ते लेख या अंकात इतरांनी लिहिले आहेत आणि आमच्यापेक्षा अधिक अधिकाराने लिहिले आहेत. आम्ही यंदा हवामानावर लिहिण्याची परवानगी मागून घेतली. पावसापाण्याशी इतिहासाच्या माणसाचा काय संबंध, असे शिक्षककक्षात आम्हांला विचारले गेलेच. संबंध असा की, पाठ्यपुस्तकात राजवटी, लढाया आणि तह म्हणून जे आम्ही शिकवतो, त्याच्या तळाशी आणखी एक इतिहास असतो. पाऊस किती पडला, तो पडला नाही तेव्हा गाव सोडून प्रथम कोण निघाले, आणि नदीला पूर आला तेव्हा कोणाची घरे काठावर होती, याचा तो इतिहास होय. आपल्या शाळेच्या प्रवेश-नोंदवह्या गेली कित्येक वर्षे आम्ही चाळत आलो आहोत. त्यांतील 'पालकाचा व्यवसाय' आणि 'सध्याचा पत्ता' हे दोन रकाने वाचले, तरी हा तळाचा इतिहास आजही चालू आहे हे ध्यानी येते.

देशाच्या हवामानाची अवस्था प्रथम थोडक्यात सांगितली पाहिजे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी तयार केलेला आणि भूविज्ञान मंत्रालयाने २०२० साली प्रसिद्ध केलेला एक अहवाल आहे. त्यानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सियसने वाढले. आकडा किरकोळ वाटतो. अंगात सात दशांश अंश ताप असला तर आपण कामावर जातोच. परंतु सरासरी ही लबाड गोष्ट आहे. त्याच अहवालात असे नोंदले आहे की, १९५१ ते २०१५ या काळात जून ते सप्टेंबरमधला मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला, आणि ही घट विशेषेकरून गंगेच्या मैदानात व पश्चिम घाटात दिसली. दुसरीकडे, मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळण्याच्या घटना सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. १९८१ ते २०११ या काळात पावसाळ्यातील कोरडे खंड आधीच्या तीस वर्षांच्या मानाने २७ टक्क्यांनी अधिक वेळा पडले. एकूण पाऊस कमी, पडतो तेव्हा अंगावर धावून येणारा, आणि मध्ये दीर्घ उघडीप, असे हे नवे वेळापत्रक आहे.

असे का व्हावे? हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के अधिक बाष्प मावते. मोठ्या रांजणासारखी ती भरायला वेळ घेते आणि उपडी होते तेव्हा एकदम उपडी होते. शिवाय आपला पाऊस ज्या समुद्रावरून येतो तो उष्ण कटिबंधातील हिंदी महासागर १९५१ ते २०१५ या काळात सुमारे एका अंशाने तापला आहे. समुद्र तापला, म्हणजे जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातील जो फरक मोसमी वाऱ्यांना आत ओढतो, तो मंदावतो. आपल्या आजोबा-पणजोबांनी रोहिणी, मृग, आर्द्रा अशी नक्षत्रे मोजून पेरणीचा हिशेब बसवला होता. तो अंधविश्वास म्हणून हसण्यावारी नेणे सोपे आहे; ती प्रत्यक्षात पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणाची दिनदर्शिका होती. ती चुकू लागली आहे. खुद्द हवामान खात्याने २०२० साली मोसमी पावसाच्या आगमनाच्या आणि परतीच्या सर्वसाधारण तारखा बदलल्या. वायव्य भारतातून पाऊस परतू लागण्याची तारीख १ सप्टेंबर होती, ती १७ सप्टेंबर केली. मराठवाड्यातला शेतकरी जे बांधावर उभा राहून सांगत होता, त्यावर सरकारी मोहोर उमटली, एवढाच याचा अर्थ.

देश मोठा आहे आणि प्रत्येक प्रदेशाचे दुखणे निराळे आहे. हिमालयात बर्फ वितळते आहे. हिंदुकुश-हिमालयाच्या रांगांतील हिमनद्यांनी २०११ ते २०२० या दशकात आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने बर्फ गमावले. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक हे हिमसरोवर फुटले आणि चुंगथांगचे धरण तिस्ता नदीने वाहून नेले. केरळच्या किनाऱ्यावरचा म्हणून ओळखला जाणारा तारली मासा उत्तरेकडे सरकला आहे. लक्षद्वीपची प्रवाळे वारंवार पांढरी पडत आहेत. मार्च २०२२ हा तोवरच्या १२२ वर्षांतला देशातील सर्वांत उष्ण मार्च ठरला. पंजाब-हरियाणातील गव्हाचे दाणे भरण्याआधीच सुकले आणि मे महिन्यात सरकारला गहू निर्यात थांबवावी लागली. पुढे २०२४ हे वर्ष १९०१ पासूनच्या नोंदींतले भारतातील सर्वाधिक उष्ण वर्ष ठरले.

पूर्वेकडे सुंदरबनाकडे क्षणभर थांबले पाहिजे. ते आपल्यापासून दूर आहे, परंतु परके नाही. १९४६ साली बाबासाहेबांना बंगालमधून संविधान सभेवर निवडून पाठवले, ते जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या नामशूद्र सहकाऱ्यांनी. त्याच समाजाची, पौंड्र समाजाची आणि जंगलतोडीसाठी तेथे आणलेल्या आदिवासींची वस्ती आज सुंदरबनाच्या बेटांवर आहे. २५ मे २००९ रोजी 'आयला' वादळाने तेथील मातीचे बांध फोडले आणि भातखाचरांत खारे पाणी शिरले. खारावलेल्या जमिनीत पुढील काही हंगाम पीक येईना, तेव्हा घरोघरचे पुरुष केरळात आणि इतरत्र मजुरीला गेले. मग २०२० साली 'अंफान' आले. घोडामारा बेट तर वर्षागणिक आक्रसते आहे. ज्यांनी आपल्याला घटनाकार मिळवून दिला, त्यांच्या नातवंडांच्या पायाखालची जमीन सरकत असताना आमच्या सभा-संमेलनांत त्याचा उल्लेखही येत नाही, ही गोष्ट आम्हांला खटकते.

आता आपल्या राज्याकडे येऊ. महाड हे नाव या स्मरणिकेच्या वाचकाला सांगावे लागत नाही. २० मार्च १९२७ रोजी ज्या गावात पाण्याला स्पर्श करण्याचा हक्क बजावला गेला, ते गाव सावित्री नदीच्या काठी आहे. २०२१ च्या जुलै महिन्यात, २२ तारखेला, वर महाबळेश्वरास चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये येथे डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याआधी २०१४ साली माळीण येथे दीडशेहून अधिक माणसे दरडीखाली गाडली गेली होती. ती बहुतांशी महादेव कोळी समाजाची होती. त्यानंतर १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी या ठाकर आदिवासींच्या वाडीवर डोंगर आला. वाडीला रस्ता नव्हता. यंत्रे वर नेता येईनात. बचाव पथके पायी चढली. २७ मृतदेह सापडले. ५७ माणसे सापडलीच नाहीत आणि शोधकार्य थांबवावे लागले.

या तीनही ठिकाणी सारा दोष बदललेल्या हवामानावर टाकणे शास्त्राला धरून होणार नाही. उतार खणणे, झाडे तोडणे, खडकाची जात, अशी अनेक कारणे एकत्र येतात. परंतु डोंगराच्या कुशीला, रस्ता नसलेल्या जागी, कोण राहते हा प्रश्न भूगर्भशास्त्राचा नाही. पाऊस मलबार हिलवरही तसाच कोसळतो. इर्शाळवाडीतील माणसे तेथे राहत होती, कारण पायथ्याची सपाट जमीन दुसऱ्यांच्या नावावर होती.

अरबी समुद्र पूर्वी वादळांच्या बाबतीत शांत समजला जाई. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धन-मुरुडकडची नारळी-पोफळीची वाडवडिलार्जित झाडे एका दुपारी आडवी झाली. पुढच्याच मे महिन्यात 'तौक्ते' किनारा घासून गेले. आमच्या वाचकांपैकी अनेकांना मात्र अरबी समुद्राच्या वादळाची ओळख त्याआधीच झालेली आहे. डिसेंबर २०१७ मध्ये 'ओखी' वादळाच्या पावसाने महापरिनिर्वाण दिनाच्या आदल्या दिवशी शिवाजी पार्कवरचे मंडप भिजवले, आणि गावोगावहून आलेल्या अनुयायांची सोय मुंबई महापालिकेला जवळपासच्या शाळांमध्ये करावी लागली. डिसेंबरात दादरला पाऊस, हे तेव्हा अनेकांनी योगायोग म्हणून सोडून दिले. चैत्यभूमीवर येणारा माणूस उघड्या मैदानावर झोपणारा माणूस आहे. त्याच्यासाठी वादळाचा अंदाज म्हणजे वर्तमानपत्रातील चौकट नसते.

मराठवाड्याविषयी आम्ही अधिक लिहिणार, कारण येथेच आम्ही राहतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होते. देशभरच्या छायाचित्रकारांनी तिची छायाचित्रे काढली. त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याच लातूरमध्ये अतिवृष्टी झाली आणि मांजरा धरण भरले. तेव्हा छायाचित्रकार आले नाहीत. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने रब्बी झोपवली. सप्टेंबर २०२५ मध्ये काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात उभे राहिले, नद्यांकाठची माती खरवडून निघाली आणि जनावरे दावणीला बुडाली. दुष्काळी म्हणून ज्या प्रदेशाची आपण आयुष्यभर ओळख करून दिली, त्याची पुरात बुडालेली छायाचित्रे पाहून वर्गातील मुलांनी आम्हांला विचारले, "सर, आपला जिल्हा नक्की कशात मोडतो?" दोन्हींत, असे उत्तर आम्ही दिले.

नुकसान झाले की पंचनामा होतो. तलाठी येतो, कृषी सहायक येतो, सातबारा पाहिला जातो, पीकपाहणी पाहिली जाते, बँक खाते आधारशी जोडलेले आहे का ते पाहिले जाते, आणि मदत खातेदाराच्या नावावर जमा होते. ज्याच्या नावावर सातबारा आहे, त्यालाच हे नुकसान झाले असे शासनाच्या लेखी ठरते. वास्तविक ती जमीन बटईने दुसराच कसत असेल. बियाणे, खत आणि घाम त्याचा असेल. गायरान कसणाऱ्याचे तर नावच कोठे नसते. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. मराठवाड्यातील आमच्या माणसांनी गायराने नांगरली, मार खाल्ला, तुरुंगात गेली. त्यांच्यापैकी कित्येकांचे नातू आजही तीच गायराने 'अतिक्रमणधारक' म्हणून कसत आहेत. पाऊस त्यांच्या पिकावर पडतो, पण नुकसान कागदावर येत नाही. आणि ज्याला गायरानही नाही, जो दुसऱ्याच्या सोयाबीनच्या काढणीवर दिवाळीचे तेल-मीठ भरतो, त्याचे पीक गेले नाही, त्याची मजुरी गेली. मजुरीचा पंचनामा करण्याचा अर्ज कोणत्याही तहसीलमध्ये मिळत नाही.

हाच माणूस मग मुकादमाकडून उचल घेतो. दिवाळीनंतर ऊसतोडणीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मागे म्हातारी माणसे, आणि बरोबर लहान मूल असेल तर तेही. दुष्काळ पडला की ऊस कमी आणि हंगाम आखूड होतो. उचल फिटत नाही आणि ती पुढच्या वर्षाच्या डोक्यावर बसते. पावसाळा लांबला की फडात चिखल राहतो, हंगाम उशिरा सुरू होतो, कोपीत ओल असते. दोन्ही बाजूंनी हिशेब मजुराच्या विरुद्ध लागतो. दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास शाळेच्या कार्यालयासमोर जे पालक मुलाचा हात धरून उभे राहतात आणि "पाच-सहा महिने एवढं लेकरू सांभाळा, गुरुजी," म्हणतात, त्यांना आम्ही इतकी वर्षे गरीब पालक म्हणत आलो. हवामानाच्या परिषदांमध्ये त्यांच्यासाठी 'हवामान-विस्थापित' असा शब्द आहे, असे अलीकडे वाचनात आले. शब्द भारदस्त आहे. त्या शब्दाला वसतिगृहाच्या परिपोषण अनुदानात काही स्थान मिळेल, तर आम्ही तो आनंदाने वापरू.

उन्हाचा विषय याहून विलक्षण आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत मिळण्यासाठी केंद्र सरकारने अधिसूचित केलेली आपत्तींची एक यादी असते. २०२१ ते २०२६ या पंधराव्या वित्त आयोगाच्या काळातील त्या यादीत चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, पूर, गारपीट, दरड यांबरोबर हिमकडा आणि थंडीची लाटही आहे. उष्णतेची लाट नाही. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे ज्या देशात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, त्या देशात ही यादी कोणत्या ऋतूत तयार झाली असावी, असा प्रश्न पडतो. राज्ये आपल्या निधीतील १० टक्क्यांपर्यंतची रक्कम स्थानिक आपत्तींसाठी वापरू शकतात हे खरे; पण ती राज्याच्या मर्जीची बाब झाली, माणसाच्या हक्काची नव्हे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला एका शासकीय पुरस्कार सोहळ्यासाठी भर उन्हात बसलेल्यांपैकी चौदा माणसे उष्माघाताने गेली. लाखोंच्या समुदायासमोर घडले म्हणून ते मोजले गेले. वीटभट्टीवर, डांबराच्या रस्त्यावर वा फडात एखादा कोसळला तर मृत्यूचे कारण 'हृदयविकार' असे लिहिले जाते.

उष्णतेचा सर्वांत वाईट भाग दुपार नसून रात्र आहे, हे लोकांच्या लवकर ध्यानी येत नाही. दिवसभर तापलेले शरीर रात्री थंड व्हावे लागते. घरकुलाची भिंत विटांची असली तरी छप्पर बहुधा पत्र्याचे असते आणि ते मध्यरात्रीपर्यंत भट्टीसारखे तापलेले राहते. अशा घरात झोपून सकाळी सहाला पुन्हा कामावर जाणाऱ्या बाईचे शरीर कधी थंडच होत नाही. याच कारणासाठी आमच्या वसतिगृहाच्या पत्र्यांवर पांढरा चुना देण्याचा आग्रह आम्ही धरत आलो आहोत. खर्च अल्प आहे आणि फरक हाताला कळतो.

आता इतिहासाकडे वळण्याची मुभा वाचकांनी द्यावी. १८७६-७८ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवरील मजुरांचे रोजचे धान्य सर रिचर्ड टेंपल यांनी एका पौंडावर आणले. मुंबई इलाख्यातील मजुरांनी या कपातीविरुद्ध कामे सोडून दिली. सरकारला हा निसर्गाचा कोप वाटत होता आणि आपले काम केवळ खर्च आटोक्यात ठेवणे आहे, असा त्याचा समज होता. त्याच १८७७ साली जोतीराव फुले आणि सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडीस दुष्काळग्रस्तांच्या मुलांसाठी बालाश्रम उघडला. सावित्रीबाई जुन्नर भागात दुष्काळी कामात गुंतल्या होत्या आणि तेथून जोतीरावांना पत्रे लिहीत होत्या. आईबाप कामाच्या शोधात निघाले असता मुलाला अन्न आणि निवारा देणे हे आपल्या शाळेचे काम आहे. त्या कामाची परंपरा शोधायला गेले तर ती दुष्काळाच्याच दारात जाऊन पोहोचते.

शंभर वर्षांनी १९७२ चा दुष्काळ आला. आमच्या पिढीने तो बालपणी पाहिला वा घरच्यांकडून ऐकला: खडी फोडणे, पाझर तलाव, सुकडी, मिलो. परंतु त्या दुष्काळातून महाराष्ट्राने एक अशी गोष्ट निर्माण केली जिचा अभिमान आम्ही वर्गात उघडपणे सांगतो. वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम हा हक्क ठरला. पुढे २००५ साली देशाचा कायदा झाला तो याच मुळावर. याहूनही महत्त्वाचे म्हणजे पैसा कोठून आला. त्यासाठी शहरातील नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला गेला. आजही आमच्या पगारपत्रकात दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापले जातात. फेब्रुवारीत कुरकुर करणाऱ्या सहकाऱ्यांना आम्ही हा इतिहास आठवणीने सांगतो. ज्याचे उत्पन्न पावसावर अवलंबून नाही, त्याने ज्याचे आहे त्याचा भार थोडा उचलावा, ही कल्पना त्या कपातीमागे होती. बदलत्या हवामानाच्या काळात याहून वेगळे काही तत्त्व शोधण्याची गरज आम्हांला दिसत नाही.

जागतिक परिषदांत भारत सांगतो की, आमचा दरडोई कार्बन उत्सर्जनाचा वाटा वर्षाला सुमारे २ टन आहे, अमेरिकेचा सुमारे १४ टन. तेव्हा ज्यांनी वातावरण बिघडवले त्यांनी किंमत मोजावी. हा युक्तिवाद पूर्णपणे न्याय्य आहे आणि तो प्रत्येक भारतीयाने ठणकावून मांडला पाहिजे. आमची तक्रार एवढीच की, तो विमानतळावर उतरताच संपतो. दोन टन ही सरासरी आहे. तीत वातानुकूलित बंगले येतात आणि कोपीत चूल पेटवणारी बाईही येते. त्या बाईच्या गरिबीमुळे देशाची सरासरी खाली राहते आणि देशाला जगापुढे न्याय मागता येतो. तिला देशात न्याय मागता येत नाही.

पाण्याच्या वाटपाचा प्रश्न यापुढे अधिक कडवट होणार, हे उघड आहे. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' वाचलेल्यांना रोहिणी नदीचे प्रकरण ठाऊक आहे. सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण बाबासाहेबांनी शाक्य आणि कोलिय यांच्यातील पाण्याच्या तंट्यात दाखवले. युद्ध करण्यास सिद्धार्थाने विरोध केला आणि तंटा सोडवण्यासाठी दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींनी बसून निर्णय करावा असे सुचवले. आमच्याकडची रोहिणी म्हणजे गोदावरी. वर नाशिक-अहिल्यानगरची धरणे, खाली जायकवाडी. २००५ च्या कायद्याने राज्याचे जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आले, समन्यायी वाटपाचे तत्त्व आले. २०१४ साली प्राधिकरणाने आदेश दिला आणि ऑक्टोबरच्या मध्यास जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी उपयुक्त साठा असेल, तर वरून पाणी सोडण्याचा नियम ठरला. तरी कमी पावसाच्या वर्षी मोर्चे निघतात, न्यायालयात धाव घेतली जाते आणि पाणी सुटेपर्यंत हिवाळा उजाडतो. सुटलेले पाणी उसाच्या शेताला किती मिळते आणि वस्तीवरच्या नळाला किती, हा पुढचा प्रश्न कोणत्याच बाजूचा पुढारी विचारत नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात श्रममंत्री होते. दामोदर आणि महानदीच्या खोऱ्यांच्या योजना त्यांच्या हाताखालून गेल्या. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकच्या परिषदेत त्यांनी मांडलेले म्हणणे असे होते की, अति पाणी हे संकट समजून ते समुद्राकडे काढून देणे ही चूक आहे. पाणी हे धन आहे, ते साठवले पाहिजे. मोठ्या धरणांविषयी आज आपली मते बदलली असतील. पण पूर आणि टंचाई हे एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत ही जाण आपल्या आजच्या नियोजनातही क्वचितच दिसते.

शाळेत आम्ही काय शिकवतो, याबद्दलही दोन शब्द. पर्यावरण म्हणजे झाडे लावा, पाणी वाचवा आणि प्रकल्पवहीत पृथ्वीचे चित्र, अशी या विषयाची स्थिती आहे. दरवर्षी ५ जूनला, मृगही लागलेला नसताना, पाहुण्यांच्या हस्ते रोपे लावली जातात. शाळा उघडेपर्यंत ती वाळतात आणि पुढील वर्षी त्याच खड्ड्यात नवी लावली जातात. राज्यभर हा खड्डा बहुधा एकच आहे. मुलांना रोप लावायला शिकवावे, परंतु आपल्या गावचा पाऊस मोजायलाही शिकवावे, असे आमचे आग्रहाचे म्हणणे आहे.

ही केवळ विज्ञानाची हौस नाही. शासनाच्या नियमानुसार चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर अतिवृष्टी मानली जाते, आणि ती महसूल मंडळाच्या नोंदीवरून ठरते. महावेध प्रकल्पात प्रत्येक महसूल मंडळात एक स्वयंचलित केंद्र बसवले आहे. एका मंडळात अनेक गावे येतात. आताचा पाऊस असा की, एका शिवारात ढग फुटतो आणि ओढ्यापलीकडे धूळ उडते. केंद्रावर ४० मिलिमीटरची नोंद झाली, की ज्याचे शेत वाहून गेले त्याचे म्हणणे खोटे ठरते. गावच्या शाळेत रोजच्या पावसाची नोंद असेल, तर निदान दाखवायला एक कागद राहील. त्या कागदाला कायद्याने आज वजन नाही, हे आम्ही जाणतो. महाडच्या तळ्यावर गेलेल्यांच्या हातीही तेव्हा नगरपालिकेचा एक ठरावच होता, आणि तो पाळला जात नव्हता.

आपले माजी विद्यार्थी आज तलाठी आहेत, मंडळ अधिकारी आहेत, जलसंपदा विभागात अभियंते आहेत, वकील आहेत, बँकेत आहेत. त्यांच्यापाशी आमचे मागणे अगदी मोजके आहे. पंचनाम्याला जाल तेव्हा सातबाऱ्यापलीकडे कोण उभा आहे ते पाहावे आणि शेऱ्याच्या रकान्यात प्रत्यक्ष कसणाऱ्याचे नाव लिहावे. शेरा लिहिण्यास कोणत्याही परिपत्रकाची आडकाठी नाही. वकिलांनी गायरानधारकांचे पीकनुकसानीचे अर्ज मोफत लिहून द्यावेत. अभियंत्यांनी वसतिगृहाच्या छतावरील पाणी साठवण्याची योजना आखून द्यावी, त्यासाठी लागणारे श्रम आमची मोठी मुले देतील.

पर्जन्यमापक मात्र आम्ही याच पावसाळ्यात बसवणार आहोत. भूगोलाच्या शिक्षकांनी जागा निवडली आहे. झाडांपासून आणि भिंतीपासून दूर, ध्वजस्तंभाच्या पूर्वेस. हवामान खाते सकाळी साडेआठला नोंद घेते, म्हणून आपलीही वेळ तीच राहील, परिपाठापूर्वी. आठवीची मुले पाळीपाळीने नोंद घेतील आणि वहीत तारीख, मिलिमीटर आणि घेणाऱ्याचे नाव लिहितील. मुलांच्या गावी पाऊस कसा झाला, हे सुट्टीवरून परतल्यावर त्यांनी सांगायचे, आणि तेही वहीच्या मागील पानांवर उतरवायचे. ज्या पालकांना आपल्या गावी असे मापक लावायचे असेल, त्यांनी शाळेशी संपर्क साधावा. डबा, नरसाळे आणि मोजपट्टी यांतून ते कसे तयार करावे, हे मुले दाखवतील.